अंदमान-निकोबार : बंदिवान आणि बेटवासी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले जाते, त्यांच्या वर्गात इतिहास शिकलेल्यांपैकी मी एक आहे. भिंतीवर नकाशा टांगल्यावाचून गुरुजी इतिहासाचा तास सुरू करीत नसत, हे येथे बसलेल्या अनेकांना आठवत असेल. त्या नकाशात बंगालच्या उपसागरात उजवीकडे ठिपक्यांची एक उभी ओळ असे. तिच्याविषयी आजचे माझे विवेचन आहे. काचीगुड्याच्या या सभागृहात अंदमान-निकोबारचा विषय दूरचा वाटेल. परंतु त्याचा एक धागा येथून पायी अर्ध्या तासाच्या अंतरावर, कोठीच्या जुन्या रेसिडेन्सीत गुंतलेला आहे, आणि मी तेथूनच प्रारंभ करणार आहे.

१८५७ च्या जून महिन्यात औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात असंतोष उसळला. तो पुण्याहून आलेल्या फौजेने निर्दयपणे मोडला. तिकडून निसटलेला जमादार चीदा खान काही सोबत्यांसह निजामाच्या आश्रयाच्या आशेने हैदराबादेत आला. दिवाण सालारजंगांनी त्यांना पकडून ब्रिटिश रेसिडेंटच्या स्वाधीन केले. त्यांच्या सुटकेसाठी १७ जुलै १८५७ या शुक्रवारी तुर्रेबाज खान आणि मक्का मशिदीतील मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे पाचशे रोहिले रेसिडेन्सीवर चालून गेले. पुतलीबावलीच्या बाजूची अब्बन साहेब आणि जयगोपाळदास या सावकारांची घरे त्यांनी ताब्यात घेतली आणि तेथून रात्रभर गोळीबार केला. पहाट होण्यापूर्वी तोफांपुढे त्यांना माघार घ्यावी लागली. तुर्रेबाज खान पकडले गेले, कैदेतून निसटले आणि १८५९ च्या जानेवारीत तूप्रानजवळ मारले गेले. त्यांच्या नावाचा रस्ता आज कोठीत आहे. मौलवी अल्लाउद्दीन यांना जन्मठेप झाली. १८५९ च्या जूनमध्ये त्यांची रवानगी अंदमानला झाली आणि तेथेच त्यांचा अंत झाला.

रेसिडेन्सीच्या त्या प्रासादात १९४९ पासून महिला महाविद्यालय भरू लागले आणि आता तेथे महिला विद्यापीठ आहे. आपल्यापैकी अनेकांच्या आया-बहिणी, मुली त्या पायऱ्या चढल्या. त्या वास्तूवर चालून गेलेला एक माणूस समुद्रापार जाऊन संपला, एवढे आपल्या शहराचा इतिहास आपल्याला सांगतो. तो ज्या किनाऱ्यावर उतरविला गेला, तो किनारा त्या आधी कोणाचा होता, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय तो आहे.

मराठी माणसाच्या मनात अंदमान म्हणजे काळे पाणी. याचे कारण उघड आहे. नाशिकच्या खटल्यांतून बाबाराव आणि तात्याराव हे सावरकर बंधू तेथे गेले. तात्याराव ४ जुलै १९११ रोजी तेथे पोहोचले आणि १९२१ मध्ये दोघे बंधू मुख्य भूमीवरील तुरुंगांत आणले गेले. ‘माझी जन्मठेप’ हा ग्रंथ महाराष्ट्राच्या घराघरांत वाचला गेला आणि कोलू, काथ्या, कोठडी हे शब्द आपल्या स्मृतीचा भाग झाले. सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधले गेले. त्याच्या सात बाहूंपैकी तीन आज उभे आहेत. मधल्या मनोऱ्यात संगमरवरी फलकांवर १९०९ ते १९३८ या काळातील राजबंद्यांची नावे प्रांतवार कोरलेली आहेत. मी तेथे दोनदा गेलो आहे, आणि दोन्ही वेळा ‘मुंबई प्रांत’ या शीर्षकाखालची नावे वाचताना माझे पाऊल अडले. ही भक्ती खरी आहे आणि तिच्यात उणे काढण्याचा माझा हेतू नाही. परंतु भक्तीने डोळे पाणावले म्हणजे भोवतालचे दिसत नाही, हेही खरे. मौलवी अल्लाउद्दीन हे त्या तुरुंगाच्या बांधणीपूर्वीचे कैदी. त्यांच्या पिढीसाठी तुरुंगाच्या भिंती नव्हत्या. समुद्र आणि अरण्य हीच भिंत होती. आणि ते अरण्य वसलेले होते.

अंदमानवर इंग्रजांचा पहिला डोळा १७८९ मध्ये पडला. आर्चिबाल्ड ब्लेअर या नौदल अधिकाऱ्याने दक्षिण अंदमानातील चॅथम बेटावर वसाहत घातली. पुढे ती उत्तरेला हलविली आणि रोगराईने बेजार होऊन १७९६ मध्ये सोडून दिली. साठ वर्षे हा विषय बासनात राहिला. १८५७ च्या उठावानंतर हजारो शिपाई कैदेत पडले. त्यांना ठेवावे कोठे, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा ते बासन पुन्हा सोडण्यात आले. १८५८ च्या जानेवारीत बेटांवर औपचारिक कबजा घोषित झाला आणि १० मार्च १८५८ रोजी आग्र्याच्या तुरुंगाचा अधीक्षक डॉ. वॉकर हा ‘सेमिरामिस’ जहाजातून दोनशे कैदी घेऊन तेथे उतरला. कैद्यांनी जंगल तोडावे, आपल्या झोपड्या आपणच बांधाव्यात, अशी योजना होती. त्यांतील कितीएक जण ब्रह्मदेश पलीकडेच आहे अशा समजुतीने जंगलात पळाले. पकडून आणलेल्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने एकाच दिवशी फाशी दिली. हा आकडा उच्चारताना आजही अंगावर काटा येतो.

पळालेल्यांपैकी एकाची हकीकत मला अंदमानच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची वाटते. दूधनाथ तिवारी हा बंगाल फौजेचा शिपाई, बंडखोरीबद्दल शिक्षा झालेला. १८५८ च्या एप्रिलमध्ये तो सोबत्यांसह पळाला. जंगलात ग्रेट अंदमानी लोकांशी गाठ पडली, तेव्हा बाकीचे मारले गेले. जखमी तिवारीला मात्र त्यांनी जगू दिले, आपल्यात सामावून घेतले. तो त्यांच्यासारखा राहू लागला, त्यांची भाषा शिकला. दोन स्त्रिया त्याला पत्नी म्हणून दिल्या गेल्या. त्यांतील लिपा नावाची स्त्री गरोदर होती, असे त्या काळच्या नोंदी सांगतात. वर्षभराने, १८५९ च्या मे महिन्यात, आपल्या किनाऱ्यावरील जंगल तुटत चालले आहे हे पाहून अंदमानी टोळ्यांनी वसाहतीवर एकत्र हल्ला करण्याचे ठरविले. ती बातमी तिवारीने आधीच जाऊन इंग्रजांना दिली. तिरकमठे घेऊन आलेल्या अंदमानींना जहाजावरच्या तोफांनी आणि बंदुकांनी गाठले. ‘अ‍ॅबर्डीनची लढाई’ म्हणून ती ओळखली जाते. तिवारीला माफी मिळाली आणि तो आपल्या गावी परतला. लिपाचे आणि तिच्या मुलाचे पुढे काय झाले, याची नोंद ठेवण्याची कोणाला गरज भासली नाही.

तिवारीला विश्वासघातकी ठरवून प्रकरण मिटविणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. तो स्वतः साम्राज्याचा बळी होता. त्याच्याजवळ घरी परतण्याचा एकच मार्ग होता, आणि तो मार्ग दुसऱ्याच्या घरावरून जात होता. बेटांवरच्या वसाहतवादाचे वैशिष्ट्य येथे आहे. मुख्य भूमीवर राज्य करणारा एक आणि ज्याच्यावर राज्य होते तो दुसरा, असा सरळ मामला असतो. बेटावर तिसरा पक्ष येतो. जबरदस्तीने आणलेला, तेथे रुजण्यावाचून गत्यंतर नसलेला असा हा माणूस पीडितही असतो आणि पुढे सरकणाऱ्या वसाहतीची कुऱ्हाडही त्याच्याच हातात असते.

हे केवळ आपल्याकडे घडले असे नाही. प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया हे फ्रेंच बेट पाहा. फ्रान्सने १८६४ मध्ये ते कैद्यांची वसाहत केले, अंदमाननंतर अवघ्या सहा वर्षांनी. १८७१ च्या पॅरिस कम्यूनमधील क्रांतिकारक हजारोंच्या संख्येने तेथे पाठविले गेले. त्याच वर्षी अल्जीरियात फ्रान्सविरुद्ध उठलेले बंडखोरही त्यांच्यामागून गेले. १८७८ मध्ये बेटावरचे मूळ रहिवासी, म्हणजे कनाक लोक, अताई या त्यांच्या प्रमुखाच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी उठले. तेव्हा समतेसाठी पॅरिसच्या रस्त्यांत लढलेले बहुतेक कैदी कनाकांच्या बाजूने उभे राहिले नाहीत. लुईज मिशेल ही शिक्षिका याला उजळ अपवाद होती. अताईचे मस्तक कापून पॅरिसला नेले गेले. ते त्याच्या वंशजांना २०१४ मध्ये परत मिळाले. न्यू कॅलेडोनिया आजही फ्रान्सकडे आहे. कनाक तेथे निम्म्याहून कमी उरले आहेत. २०१८, २०२० आणि २०२१ अशी तीन सार्वमते होऊनही प्रश्न मिटला नाही, आणि मतदारयादी रुंदावण्याच्या प्रस्तावावरून २०२४ च्या मे महिन्यात तेथे रक्त सांडले. मतदारयादीचे भांडण म्हणजे शेवटी, बेट कोणाचे हे मोजण्याचेच भांडण असते.

अंदमानात मोजणीचा हा हिशेब फार लवकर एका बाजूने संपला. ग्रेट अंदमानी हे दहा टोळ्यांचे मिळून नाव. इंग्रज आले तेव्हा ते काही हजार होते. १८६३ मध्ये रॉस बेटावर ‘अंदमान होम’ उघडण्यात आले. हेतू सुधारणेचा होता. टोळ्यांना तेथे आणून कपडे घालावेत, इंग्रजी शिकवावी, तंबाखूची चटक लावावी आणि फरारी कैदी पकडण्याच्या कामी त्यांचा उपयोग करावा, असा एकंदर कार्यक्रम होता. १८७६ च्या सुमारास उपदंशाचा प्रसार उघडकीस आला आणि १८७७ मध्ये गोवराची साथ आली. हे रोग या बेटांनी पूर्वी पाहिलेले नव्हते. १९०१ च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी ६२५ भरले, १९३१ मध्ये ९० आणि १९६१ मध्ये अवघे १९. एका शतकात एक संपूर्ण मानवसमूह एका वर्गखोलीत मावेल एवढा झाला. पुढे त्यांना स्ट्रेट बेटावर नेऊन वसविण्यात आले. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या ४४ होती. अका-बो ही त्यांची एक भाषा. तिची अखेरची बोलणारी वृद्धा, बोआ सीनियर, २६ जानेवारी २०१० रोजी वारली. आपण येथे प्रजासत्ताक दिनाचे झेंडावंदन करीत होतो त्या दिवशी. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी तिच्याजवळ बसून शब्द टिपून ठेवले, म्हणून निदान कोश तरी उरला. तेलुगू, उर्दू, मराठी, कन्नड, तमिळ यांच्या गजबजाटात वाढलेल्या आपल्या शहराला, आपल्या भाषेत उत्तर देणारे कोणीच उरले नाही ही स्थिती कल्पनेनेही गाठता येणार नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र अन्यायाचे होईल. ज्यांना कैदी म्हणून आणले, त्यांनी तेथे एक नवा समाज घडविला. शिक्षेचा ठरावीक काळ नीट काढला की कैद्याला जमीन कसण्याची, लग्न करण्याची परवानगी मिळे. पठाण, बंगाली, मद्रासी, पंजाबी, हिंदू, मुसलमान अशी लग्ने झाली आणि त्यांची मुले ‘लोकल बॉर्न’ या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यांची समाईक भाषा हिंदुस्तानी. मुख्य भूमीवर आपण जातीपातीच्या गाठी सोडविण्यासाठी परिषदा भरविल्या. तेथे त्या गाठी दुःखाच्या पाण्यात भिजून आपोआप सैल झाल्या. १९२१ च्या मलबारातील उठावानंतर मोपला कैदी गेले. त्यांनी आपल्या नव्या वस्त्यांना तिरूर, कालिकत अशी गावाकडची नावे दिली. हे तिरूर जारवांच्या अरण्याच्या अगदी कडेला आहे, आणि तेथे मोपला शेतकरी व जारवा यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चकमकी झडत राहिल्या. इंग्रजांविरुद्ध उठलेल्यांची नातवंडे आणि इंग्रजांपुढे कधी न झुकलेले जारवा यांच्यातली ही झुंज. तिवारीची हकीकत येथे पुन्हा आठवते.

जपान्यांच्या राजवटीचा उल्लेख ओझरता करतो. मार्च १९४२ ते ऑक्टोबर १९४५ ही साडेतीन वर्षे. डिसेंबर १९४३ मध्ये नेताजी तेथे गेले. त्यानंतर महिनाभरातच, ३० जानेवारी १९४४ रोजी, होमफ्रेगंज येथे हेरगिरीच्या संशयावरून ४४ नागरिकांना जपान्यांनी गोळ्या घातल्या. मालक बदलला की बेटवासीयांचे दैव बदलते असे नाही, एवढेच यातून दिसते. महायुद्ध संपल्यावर कैद्यांची वसाहत कायमची मोडली.

निकोबारची कथा वेगळी आहे. ती तुरुंगाची कमी आणि खरेदी-विक्रीची अधिक आहे. तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडीच्या डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास निकोबारवर हक्क सांगितला. हिवतापाने त्यांच्या वसाहती पुन:पुन्हा उठल्या. डेन्मार्कने ही बेटे सोडून दिली असे समजून मध्यंतरी ऑस्ट्रियाने तेथे झेंडा रोवून पाहिला. अखेर १८६८ मध्ये डेन्मार्कने आपले हक्क इंग्रजांना विकले. ज्यांच्या नारळीच्या बागा, डुकरे आणि होड्या तेथे होत्या, त्या निकोबारी माणसांना ही विक्री झाल्याचे कधी कळले, हे इतिहासाने लिहून ठेवलेले नाही.

१९४७ नंतर ही बेटे आपली झाली. येथून पुढचा भाग मांडताना वक्त्याची जीभ अडखळते, कारण आता दोष द्यायला इंग्रज समोर नाही. १९४९ पासून पूर्व बंगालच्या निर्वासितांना अंदमानात जमिनी देण्यात आल्या. फाळणीने उद्ध्वस्त झालेल्या त्या कुटुंबांना आसरा मिळाला, हे योग्यच झाले. पण ती जमीन ‘रिकामी’ म्हणून वाटली गेली. १९५६ मध्ये आदिम जमातींच्या संरक्षणाचा नियम झाला, १९५७ मध्ये जारवांसाठी अरण्य राखीव ठेवण्यात आले, आणि पुढे त्याच अरण्यातून अंदमान ट्रंक रोड काढण्यात आला. १९९७ च्या अखेरीस जारवा पहिल्यांदा शस्त्रावाचून वस्तीत आले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. १८७७ ची पुनरावृत्ती थोडक्यात टळली, कारण या वेळी इस्पितळ जवळ होते. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, पुण्याचा ‘कल्पवृक्ष’ गट आणि अंदमानातील एक स्थानिक संस्था यांनी न्यायालयात दाद मागितली. त्यावर ७ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातील रस्त्याचा भाग बंद करण्याचा आदेश दिला. रस्ता बंद झाला नाही. जानेवारी २०१२ मध्ये पर्यटकांपुढे नाचविल्या जाणाऱ्या जारवा स्त्रियांची चित्रफीत जगभर दाखविली गेली. मान खाली घालण्याची ती वेळ होती. मराठी माणसाने या बेटांसाठी काय केले, असे विचारले तर सावरकरांच्या जोडीने मी त्या पुण्या-मुंबईच्या अर्जदारांचेही नाव घेईन.

नावांविषयी येथे एक गोष्ट बोलतो. २०१८ मध्ये रॉस, नील आणि हॅवलॉक या बेटांना अनुक्रमे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, शहीद द्वीप आणि स्वराज द्वीप ही नावे मिळाली. २०२३ च्या जानेवारीत एकवीस अनाम बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावे देण्यात आली. त्यांत हैदराबाद संस्थानच्या फौजेत उमेदवारी केलेले लेफ्टनंट कर्नल तारापोर आहेत. २०२४ च्या सप्टेंबरात पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. इंग्रज अधिकाऱ्यांची नावे जावीत याला माझा आक्षेप नाही. हॅवलॉक आणि नील हे १८५७ दडपणारे सेनानी होते, त्यांची नावे एवढी वर्षे राहिली हेच नवल. पण ही बेटे ‘अनाम’ नव्हती. ग्रेट अंदमानींच्या भाषांत त्यांच्या बेटांना, खाड्यांना, टेकड्यांना नावे होती. त्यांतली कितीतरी अब्बी यांच्या वह्यांत उतरली आहेत. इंग्रजी पाटी उतरविल्यावर खाली जी मूळ पाटी असायला हवी होती, ती शोधण्याचे कष्ट आपण घेतले नाहीत.

आता थेट दक्षिण टोकाला, ग्रेट निकोबारला जाऊ. येथून सुमात्रा जवळ आहे आणि चेन्नई दूर. या बेटावर किनाऱ्याने निकोबारी आणि आतल्या अरण्यात शोंपेन राहतात. २०११ च्या जनगणनेत शोंपेन २२९ होते. १९६९ पासून पुढील दहा-अकरा वर्षांत सरकारने सुमारे ३३० माजी सैनिकांची कुटुंबे येथे आणून वसविली. त्यांत पंजाबी, मल्याळी, तमिळ, तेलुगू यांच्याबरोबर महाराष्ट्रातली कुटुंबेही होती. देशाच्या अखेरच्या टोकावर भरवशाची माणसे असावीत, हा त्यामागील विचार होता. कॅम्पबेल बे, गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर या पूर्व किनाऱ्यावरच्या वस्त्या त्यांनी उभ्या केल्या. मराठी वसाहतवीरांच्या कथा आपण तंजावर-मॉरिशसच्या सांगतो. जंगल साफ करून, माकडांपासून आणि मगरींपासून पिके राखून तेथे टिकलेल्या या मराठी जवानांच्या घरांचा इतिहास अजून कोणी सविस्तर लिहिलेला नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी संशोधक येथे असेल, तर त्याने तो विषय अवश्य हाती घ्यावा.

२६ डिसेंबर २००४ रोजी भूकंप आणि त्सुनामी आली. बेटांचे मिळून साडेतीन हजारांच्या आसपास लोक मेले अथवा बेपत्ता झाले. ग्रेट निकोबारची जमीनच सुमारे चार मीटरने खचली. इंदिरा पॉइंटचे दीपगृह, जे पूर्वी कोरड्या भूमीवर होते, ते लाटांत उभे राहिले. पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावरची निकोबारी गावे वाहून गेली आणि वाचलेल्यांना कॅम्पबेल बेजवळच्या राजीवनगर आणि न्यू चिंगेन्ह येथे आणून ठेवले. ‘तात्पुरते’ हा शब्द तेव्हा वापरला गेला होता. ती माणसे तेव्हापासून आपल्या गावी परत जाण्याची परवानगी मागत आहेत.

याच बेटावर आता सुमारे ७२,००० कोटी रुपयांचा (पुढे हा अंदाज वाढला) महाप्रकल्प योजिला आहे. गॅलाथिया उपसागरात मालाच्या जहाजांचे बंदर, लष्करी व नागरी विमानतळ, वीजकेंद्र आणि नवे शहर असे त्याचे स्वरूप आहे. त्यासाठी सुमारे १६६ चौरस किलोमीटर भूमी लागणार असून त्यांपैकी १३० चौरस किलोमीटर दाट अरण्य आहे. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात वन आणि पर्यावरण खात्याच्या मंजुऱ्या मिळाल्या. बेटावर आज आठ-नऊ हजार लोक आहेत. नियोजित शहर साडेतीन लाखांचे आहे. तोडल्या जाणाऱ्या झाडांच्या बदली झाडे हरियाणात लावली जातील, असे ठरले. सदाहरित अरण्य आणि समुद्रातून अंडी घालायला येणारी महाकाय लेदरबॅक कासवे यांची भरपाई अरवलीच्या उतारावर कशी होते, हे मला आजवर उमगलेले नाही.

प्रकल्पाच्या बाजूचे म्हणणे मी हलके लेखीत नाही. मलाक्क्याच्या सामुद्रधुनीकडे जाणारा जलमार्ग तेथून अगदी जवळ आहे. आपला बराच माल आज कोलंबो आणि सिंगापूरच्या बंदरांतून हाताळला जातो. चिनी आरमाराचा वावर वाढतो आहे. देशाच्या संरक्षणाची चिंता वाहणाऱ्यांना ही जागा मोलाची वाटणे स्वाभाविक आहे. माझा मुद्दा एवढाच आहे की, जागा मोलाची आहे हाच युक्तिवाद १८५८ मध्ये वॉकरच्या वरिष्ठांनी केला होता, आणि १९६५ मध्ये मॉरिशसपासून चागोस बेटे तोडताना लंडननेही तोच केला. दिएगो गार्सियाच्या तळासाठी चागोसचे सर्व रहिवासी १९७३ पर्यंत जहाजांत घालून हलविले गेले. त्याविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये मत दिले, तेव्हा भारत मॉरिशसच्या बाजूने उभा होता. २२ मे २०२५ रोजी ती बेटे मॉरिशसला देण्याचा करारही झाला. दुसऱ्याच्या बेटाबाबत आपण जी न्यायबुद्धी दाखविली, तिची कसोटी आता आपल्या घरी लागते आहे.

निकोबारच्या आदिवासी परिषदेने २०२२ च्या ऑगस्टमध्ये प्रकल्पास ना-हरकत पत्र दिले होते. नोव्हेंबरात ते मागे घेतले. त्सुनामीपूर्वीची आपली गावेच प्रकल्पाच्या हद्दीत येतात, हे आपल्याला सांगण्यात आले नव्हते, असे परिषदेने कळविले. शोंपेनांची संमती कोणी कोणत्या भाषेत घ्यायची, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. विमानतळासाठी गांधीनगर-शास्त्रीनगरचा परिसर निवडला गेला आहे, म्हणजे माजी सैनिकांची शेते त्यात जातात. पन्नास वर्षांपूर्वी सरकारनेच ज्यांना बोलावून जमीन दिली, त्यांची दुसरी-तिसरी पिढी आज भूसंपादनाच्या सुनावण्यांना बसते आहे. त्यांच्या मोबदल्याचा निदान दर ठरतो, कारण त्यांच्याजवळ सातबाऱ्यासारखा कागद आहे. न्यू चिंगेन्हच्या निकोबारी माणसाजवळ त्याच्या बुडालेल्या गावाचा कागद नाही. नारळीच्या जुन्या बागा कोठे होत्या, हे तो बोटीत उभा राहून हाताने दाखवितो.